नाकाचा हिशेब

मोटारींच्या टकरीच्या चाचण्या तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. डमीच्या तोंडाला रंग फासलेला असतो, कपाळाला एक, नाकाला दुसरा, हनुवटीला तिसरा. टक्कर झाली की इंजिनिअर एअरबॅग न्याहाळतात, कुठला रंग कुठे लागलाय, स्टिअरिंगवर डाग आहे का. तोंड कुठे आपटलं ते त्यावरून समजतं. किती जोरात, ते रंग कुठून सांगणार?

खुद्द डमीलाही ते धड सांगता येत नाही. समोरच्या धडकेसाठी आजही सर्रास वापरतात तो ‘हायब्रिड थ्री’ जनरल मोटर्सनं १९७६ साली घडवला. वजन सुमारे ७८ किलो, कवटी अ‍ॅल्युमिनियमची, वर व्हिनाइलची कातडी. डोक्याच्या मध्याशी बसवलेले सेन्सर झटका मोजतात आणि त्यावरून मेंदूला किती धोका, त्याचा आकडा निघतो. सगळा खटाटोप मेंदूसाठी. ते रास्तच आहे म्हणा, जीव वाचला तर नाकाचं पुढे बघता येईल! पण धातूच्या कवटीचं गालफड मोडत नाही, आपलं मोडतं.

मृतदेहांवरच्या प्रयोगांत नाकाचं हाड साधारण ३५० ते ४५० न्यूटनला मोडलेलं आढळलं. म्हणजे जेमतेम चाळीसएक किलोचा भार. गालाचं हाड त्याच्या दुपटीच्या आसपास टिकतं, कपाळ कितीतरी अधिक सोसतं. तेव्हा मेंदूचा आकडा झकास येऊनही चेहऱ्याचा चेंदामेंदा झालेला असू शकतो.

काचेच्या जखमांसाठी एक जुनी युक्ती होती. डमीच्या डोक्यावर शॅमॉयचे, म्हणजे गाडी पुसायच्या मऊ चामड्याचे, दोन थर चढवायचे. डोकं काचेवर आदळलं की वरचा थर किती फाटला, आतला किती, ते तपासायचं. काच पुसणारं चामडंच काचेची साक्ष द्यायला उभं!

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून मोटारींच्या सुरक्षिततेला गुण देणारं ‘भारत एनकॅप’ लागू झालं. त्यातही धडकेचे गुण डोकं, मान, छाती आणि पाय यांना, नाकाला वेगळे गुण नाहीत.

अमेरिकेत मात्र लष्करी संशोधक आणि व्हर्जिनिया टेक विद्यापीठ यांच्या सहभागातून ‘फोकस’ नावाचं डोकं तयार झालं. त्याचा चेहरा अखंड नाही. कपाळ, नाक, गाल, जबडा असे सुटे भाग आहेत आणि प्रत्येकामागे जोर मोजणारा सेन्सर. खोबणींत कृत्रिम डोळे बसवलेत, त्यांच्यावरचा मारही मोजला जातो.