बीपी आहे, पण त्रास काहीच नाही! मग हृदयाचं काय?

आजचा भाग तुमच्यासाठी आहेच, पण त्याहून जास्त तुमच्या आई-बाबांसाठी आहे. ऐकून झाला की फॅमिली ग्रुपवर टाका.

मी नाशिकला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सातला सॅम्पल घ्यायला सुरुवात होते. अंबड-सातपूरहून नाईट शिफ्ट संपवून थेट आलेले काका असतात, पंचवटीतल्या आजी असतात. आणि एक प्रश्न हमखास येतो: "ताई, बीपी आहे म्हणतात, पण मला त्रास काहीच नाही. गोळी बंद केली तर चालेल ना?"

आधी आकडा ऐका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, पंधरा वर्षांवरच्या भारतीयांपैकी 24 टक्के पुरुष आणि 21 टक्के बायकांना बीपी निघालं. म्हणजे साधारण दर चार-पाच माणसांमागे एक!

आता, त्रास का जाणवत नाही? बीपी वाढलं की हृदयाच्या डाव्या कप्प्याला जास्त जोर लावून रक्त ढकलावं लागतं. हळूहळू त्याची भिंत जाड होते, कडक होते. जिममध्ये दंड जाड झाला तर आपण सेल्फी काढतो, पण हृदयाची भिंत जाड होणं चांगलं नाही. आणि हे सगळं वर्षानुवर्षं गुपचूप चालतं.

पण रक्तात त्याच्या खुणा दिसू शकतात. दोन नावं लक्षात ठेवा.

पहिलं, एनटी-प्रोबीएनपी. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की तिच्या पेशी एक हार्मोन सोडतात, त्याच्यासोबत हा तुकडा रक्तात येतो. गंमत म्हणजे बीएनपीतला 'बी' ब्रेनचा आहे. 1988 साली जपानी शास्त्रज्ञांना हे हार्मोन आधी डुकराच्या मेंदूत सापडलं. ते मुख्यतः हृदयात तयार होतं, हे नंतर कळलं. नाव मात्र तेच राहिलं.

दुसरं, ट्रोपोनिन. हे हृदयाच्या स्नायूच्या आतलं प्रोटीन. पेशीला इजा झाली की बाहेर झिरपतं. हार्ट अटॅकच्या संशयात हीच टेस्ट करतात. आताची हाय-सेन्सिटिव्ह टेस्ट इतकी बारीक आहे, की अटॅक नसतानाही चाललेली थोडीशी झीज तिच्यात दिसते.

याचा उपयोग काय? अमेरिकेत स्प्रिंट नावाचा मोठा अभ्यास झाला. पन्नाशीपुढचे, बीपी असलेले, पण डायबिटीस नसलेले 9,361 लोक. निम्म्यांचं वरचं बीपी 140 च्या खाली ठेवायचं, निम्म्यांचं 120 च्या खाली. 2015 मध्ये निकाल आला: 120 वाल्या गटात हृदयविकाराचा धोका आणि मृत्यू, दोन्ही साधारण पाव हिश्शाने कमी. नंतर सुरुवातीला साठवलेलं रक्त तपासलं. ज्यांचं ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी दोन्ही वाढलेलं होतं, त्यांना धोका सगळ्यात जास्त होता. आणि बीपी नीट खाली आणल्याचा फायदाही त्यांनाच सगळ्यात जास्त झाला!

हा मुद्दा नीट ऐका. वाढलेला मार्कर म्हणजे 'संपलं सगळं' असं नाही. 'आता उपचारात हयगय नको' असा तो निरोप आहे.

पण म्हणून लगेच ॲप उघडून टेस्ट बुक करू नका. लॅबमध्ये असून मीच हे सांगतेय! वय वाढलं, किडनी कमजोर असली, तरी हे आकडे वाढतात. लठ्ठ माणसात एनटी-प्रोबीएनपी कमी दिसू शकतं. मॅरेथॉन पळून आलात तर ट्रोपोनिन वर जाऊ शकतं. रिपोर्टवर नुसता लाल आकडा बघून घरी घाबरण्यात अर्थ नाही. ही टेस्ट कोणाला लागेल, ते डॉक्टर ठरवतील. बीपीच्या पेशंटला आधी साध्या तपासण्या लागतात: क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, शुगर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी.

आणि हो, छातीत दुखतंय, दम लागतोय, घाम फुटलाय, तर लॅबमध्ये येऊ नका. 108 ला फोन करा.

मग त्या काकांना उत्तर काय? काका, त्रास नाही म्हणून गोळी बंद करायची नाही. बीपी नॉर्मल आलंय ते बऱ्याचदा गोळीमुळेच. बदल करायचा असेल तर डॉक्टरांना विचारून. पैशांची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात चौकशी करा, बीपीच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात.

तुम्हाला या रविवारी एक काम. आई-बाबांना पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा बीपी मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. मोजताना गप्पा मारायच्या नाहीत, हे नाशिककरांना जरा जड जाईल, पण जमवा!

तुमचे प्रश्न कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!