थांबलेल्या गाडीचं एवरेज



कार्तिक वद्य एकादशीच्या सुमारास गाडी घेऊन आळंदीला जाण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना देहू फाट्याचा खोळंबा सांगायला नको. दिंड्या पायी पुढे सरकत असतात, त्यांचं काही अडत नाही. अडतो आपण. पुढची गाडी कधी हलेल याचा नेम नाही, तरी इंजिन सुरूच. चाकणच्या तळेगाव चौकात तर यासाठी यात्राही लागत नाही. शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बस, कंटेनर, टेम्पो सगळे एकदमच पुणे-नाशिक महामार्गावर येतात आणि जागच्या जागी धुरधुरत राहतात.

थांबलेल्या गाडीचं एवरेज शून्य असतं. साधी पेट्रोल कार नुसती उभी राहून तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पिते. एसी लावला की आणखी. जाता-येता मिळून रोज 20 मिनिटं खोळंबा आणि महिन्याला 25 दिवस काम धरा. चार ते सहा लिटर पेट्रोल एक पाऊलही पुढे न जाता संपलं.

मग लोक गाडी बंद का करत नाहीत? ड्रायव्हर मंडळींचं उत्तर ठरलेलं : "सेल्फ मारला की जास्त तेल जातं." कार्बोरेटरच्या काळात या म्हणण्यात तथ्य होतं. चोक ओढावा लागे, बॅटरी अशक्त असे आणि सेल्फ रुसला तर भर चौकात चार माणसं गोळा करून धक्का मारावा लागे. तेव्हा इंजिन चालू ठेवणं शहाणपणाचंच. पण 2000 सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, नव्या कारमधून कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. आता तापलेलं इंजिन पुन्हा सुरू होताना इंधन अगदी मोजून सोडलं जातं. अमेरिकेतल्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेचा निष्कर्ष आहे की दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल, तर बंद करून पुन्हा सुरू करण्यातच कमी इंधन जातं. यंत्र बदललं, समजूत मात्र उस्तादाकडून क्लीनरकडे होती तशीच आली.

दहा सेकंदांचा हट्ट मी धरणार नाही. साध्या गाडीचा स्टार्टर आणि बॅटरी इतक्या वेळा राबण्यासाठी बनवलेली नसते. मिनिटभर तरी हलणार नाही असं दिसलं, की बंद करावी.

हे काम स्वतःहून करणाऱ्या गाड्याही आहेत. महिंद्राची एक्सयूव्ही 500 ही गाडी 2011 साली आली. ती याच चाकणला बनायची, आणि थांबल्यावर आपोआप बंद होऊन क्लच दाबताच सुरू होण्याची सोय तिच्यात होती. आता बऱ्याच गाड्यांत ती असते, आणि बरेच मालक बटण दाबून ती बंद करून टाकतात. का, तर एसीची हवा कोमट होते! मे महिन्यात, गाडीत तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल, तर ही तक्रार मला मान्य आहे. एरवी नाही.

याउलट काही बहाद्दर घाट उतरताना इंजिन बंद करतात. हे मात्र जीवघेणं. इंजिन थांबलं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीनदा पाय दाबेपर्यंतच टिकते, स्टिअरिंगही जड होतं. आणि बचत म्हणाल तर तीही नाही. इंजेक्शनची गाडी गीअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर इंधन आपोआपच तुटतं.

बंद करण्याची रीत सोपी आहे. महामार्गावरून भरधाव आलेल्या टर्बो डिझेलला आधी अर्धा-एक मिनिट संथ चालू द्यावं. मग न्यूट्रल, हँडब्रेक आणि चावी. चावी काढून मात्र घ्यायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. रात्री मागचे दिवे चालू ठेवावेत. आणि रांगेत आपल्यापुढच्या तिसऱ्या गाडीचे ब्रेकचे दिवे विझले, की लगेच सेल्फ मारावा. मागच्याला हॉर्न वाजवायला सवडच मिळत नाही.