चित्र आणि ध्वनी यांचा मेळ

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी मला या व्यासपीठावर बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विद्यार्थिसाहाय्य, वसतिगृह, वधूवर-परिचय हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय. ते सोडून संगणकावरील ॲनिमेशनमध्ये चित्र आणि ध्वनी यांचे काम कसे चालते, हे सांगण्याची आज्ञा झाली, तेव्हा मला संकोचच वाटला. परंतु आपल्या कित्येक घरांतील मुले आज या कामाकडे वळू पाहत आहेत आणि वडीलधाऱ्यांना तो रिकामपणचा खेळ वाटतो. यास्तव दोघांच्याही उपयोगी पडेल तेवढेच बोलतो.

ॲनिमेशन म्हणजे निश्चल चित्रांची माळ. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. काडी किंचित सरकवावी, एक चित्र घ्यावे, पुन्हा सरकवावी, असा तो उद्योग. तो काळ मूकपटांचा होता. आवाजाची अडचण नव्हती. पुढे १९२८ साली वॉल्ट डिस्ने यांचा ‘स्टीमबोट विली’ अमेरिकेत झळकला. त्यात मिकीचे हातपाय संगीताच्या ठेक्यावर हलतात, कारण किती मात्रांना किती चित्रे लागतील याचा हिशेब चित्रे काढण्याआधीच कागदावर मांडला होता. साधने बदलली, तरी तो नियम आजही कायम आहे: ध्वनीचा हिशेब आधी, चित्राचे श्रम नंतर.

आज हे काम संगणकावर होते. ‘ब्लेंडर’ नावाचे एक सॉफ्टवेअर त्यासाठी विनामूल्य मिळते. नेदरलंड्समधील टोन रोझेंडाल हे त्याचे जनक. २००२ साली लोकांनी अवघ्या सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमविली आणि ते सर्वांसाठी खुले झाले. वर्गणीचे सामर्थ्य आपल्या मंडळास निराळे सांगावयास नको! लॅटव्हियातील गिंट्स झिल्बालोडिस यांनी याच सॉफ्टवेअरवर केलेल्या ‘फ्लो’ या चित्रपटास २०२५ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यात एकही संवाद नाही. प्राण्यांचे आवाज, पाणी, वारा आणि संगीत यांवरच सारी कथा उभी आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. फोनवर घेतलेले चित्रण संगणकात आणले की पडद्यावर दोन आडव्या पट्ट्या दिसतात: एक चित्राची, दुसरी ध्वनीची. चित्रपटाचे रूढ मान सेकंदास २४ चित्रे. ध्वनीचे मात्र सेकंदास ४८,००० सूक्ष्म नमुने घेतले जातात. म्हणजे एका चित्राच्या वाट्यास २,००० नमुने येतात. ही दोन खाती प्रत्येक क्षणी जुळली पाहिजेत.

ती बिघडतात कोठे? फोन बहुधा सेकंदास ३० चित्रे घेतो. ती २४ च्या मानाने चालविली तर ११ मिनिटांचे चित्रण पावणेचौदा मिनिटे चालेल आणि आवाज मात्र ११ मिनिटांतच संपेल. ही चूक निदान लगेच दिसते. दुसरी फसवी असते. अमेरिकेत १९५३ साली रंगीत दूरचित्रवाणीसाठी ३० चे मान किंचित उतरवून २९.९७ करण्यात आले आणि ते अजून चालू आहे. २९.९७ चे चित्रण ३० समजून चालविले, तर आरंभी सारे ठीक वाटते. पण ११ मिनिटांअखेर ओठ आणि शब्द यांत सुमारे दोन तृतीयांश सेकंदाचे अंतर पडते. त्यातून फोनचे मान प्रकाशाप्रमाणे कमीजास्तही होते. म्हणून चित्रण आधी एका स्थिर मानात आणावे आणि मगच कामास हात घालावा.

तिसरी गोष्ट. दृश्य फार गुंतागुंतीचे असले की संगणक सेकंदास २४ चित्रे दाखवू शकत नाही. चित्र रेंगाळते आणि आवाज पुढे निघून जातो. त्यासाठी चित्राने ध्वनीच्या मागे चालावे, अशी एक सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. ती निवडली की मधली काही चित्रे गळतात, पण ध्वनी अखंड राहतो. एखादे चित्र गळाले तर डोळा क्षमा करतो. शब्द तुटला तर कान करीत नाही.

पात्राला बोलते करताना प्रत्येक अक्षरास निराळे तोंड काढावे लागत नाही. आपल्या वर्णमालेने ही सोय करूनच ठेवली आहे. प, ब, म या ओष्ठ्य वर्णांना ओठ मिटलेच पाहिजेत. आ ला तोंड उघडते. उ आणि ओ ला ओठांचा चंबू होतो. एवढे पाळले तरी पात्र मराठी बोलू लागते. व्याकरणाच्या तासाला कंटाळलेल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या आत्याबाईंकडून श्रावणातील शुक्रवारची कहाणी मी फोनवर उतरवून घेतली. ती ११ मिनिटांची होती. तिच्यावर चित्रे रचताना त्यांच्या थांबण्याच्या जागा मला रिकाम्या वाटल्या. त्या सगळ्या कापल्या; दीड मिनिट, म्हणजे २,१६० चित्रांचे श्रम वाचले. पुरे झालेले काम मोठ्या हौसेने त्यांना दाखविले. त्यांनी शेवटपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, “अरे, मी थांबते तिथे पोरं ‘मग?’ म्हणून विचारतात. तू त्यांना जागाच ठेवली नाहीस.”

मी ते दुरुस्त करण्याचे कबूल केले. काम सोपे होते. या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी कापली तरी मूळ चित्रण कापले जात नाही. टोक ओढले की झाकलेला भाग परत दिसतो. परंतु जागा मोकळी करण्याच्या नादात मूळ चित्रण मी पुसून टाकले होते. कामाच्या फाइलीतच सारे साठले आहे, अशी माझी समजूत होती. वस्तुतः तीत असतो तो केवळ मूळ चित्रणाचा पत्ता. फाइल उघडली तेव्हा पट्ट्या जागच्या जागी होत्या. आत काही नव्हते. पुन्हा ध्वनिमुद्रण करण्यास जाईन जाईन म्हणता आत्याबाई निवर्तल्या.

आज माझ्यापाशी आहे ती साडेनऊ मिनिटांची कहाणी. तोडलेल्या जागी शांतता घालता येते. मी ती घालून पाहिली. पण ती यंत्राची शांतता. आत्याबाईंचा घेतलेला श्वास, ओसरीवरचा चिमण्यांचा कलकलाट, कोणाच्या तरी बांगड्यांची किणकिण, हे तीत नाही.

म्हणून तरुणांना सांगणे एवढेच की, मूळ चित्रणास हात लावू नका. त्याच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणी ठेवा. आणि कोणी बोलता बोलता थांबले तर यंत्र चालू राहू द्या. वडीलधाऱ्यांना विनंती अशी की, नातवंडे फोन समोर धरतील तेव्हा संकोच करू नका. घरातल्या कहाण्या, जात्यावरची गाणी, गावच्या आठवणी त्यांना सांगा. त्यांवर चित्रे आज ना उद्या कोणीही काढील. आवाज मात्र तुमच्याखेरीज कोणी देऊ शकणार नाही.