काजळी आणि लेसरचे पीठ

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



पितळेचे भांडे पडले तर पोचते. चिनीमातीची बशी मात्र फुटते. ती कठीण खरी, पण तिला वाकणे ठाऊक नाही. तिच्यात एखादा जाड कण किंवा बारीकशी पोकळी राहिली, की तेथूनच तडा निघतो आणि आरपार जातो. म्हणून यंत्राचा भाग अशा पदार्थाचा करायचा, तर त्याचे पीठ अतिशय बारीक, एकसारखे आणि निर्भेळ लागते.

नुसते दळून हे साधत नाही. जात्याचा दगड थोडा पिठात उतरतोच. आपण काजळ धरतो ते कसे? कोळसा दळत नाही, तुपाच्या दिव्यावर ताटली धरतो. ज्योतीतल्या वाफेतच काजळी जन्मते, म्हणून ती इतकी मऊ.

अमेरिकेतील एम्. आय्. टी. संस्थेत जॉन हॅगर्टी, रॉजर कॅनन व त्यांचे सहकारी यांनी असेच वाफेतून पीठ काढले आणि १९८२ साली ती रीत सविस्तर प्रसिद्ध केली. सिलेन आणि अमोनिया या वायूंची धार बंद पात्रात सोडून तिच्यावर लेसरचा अदृश्य किरण रोखायचा. सिलेन तो किरण शोषून घेतो, धार क्षणात तापते आणि तिच्यात सिलिकॉन नायट्राइडचे कण तयार होतात. किरणाबाहेर पडताच ते निवतात. वाढायला सवडच नसते. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही ते लहान राहतात. पात्राच्या भिंती थंड असल्याने भांड्याचा मळही त्यांत येत नाही.

हा लेसर कार्बन डायऑक्साइड वायूचा. तो १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॉ. चंद्रकुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा. १९५८ साली ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवीधर झाले. कांजूरमार्गाच्या शेजारची आपली पवईची आय्. आय्. टी. स्थापन झाली तीही त्याच वर्षी.

मग उद्या आपल्या कपबश्या या पिठाच्या होतील काय? नाही. सिलेन हवा लागताच पेटतो, लेसर खर्चाचा, आणि इतकी बारीक धूळ श्वासाबरोबर छातीत खोल उतरते. म्हणून सारे काम बंद पात्रात, जपून करावे लागते. वेगवान यंत्रांच्या बेअरिंगांत सिलिकॉन नायट्राइडच्या गोळ्या असतात. पण त्यांचे पीठ बहुधा दुसऱ्या, स्वस्त रीतींनी करतात.

तरी एक सांगते. घरातल्या मुलीने ‘काजळी इतकी मऊ का?’ असे विचारले, तर तिला गप्प करू नका. तो प्रश्न रसायनशास्त्राचाच आहे, आणि पवई आपल्याला लांब नाही.