खडी, सुई आणि खडू
(मंडळाच्या वर्धापनदिनी ताडकळस येथे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : शिक्षिका होण्यापूर्वी केलेल्या कामांचा शिकवण्याला काय उपयोग झाला? खरे सांगते, विषय ऐकून मी थोडी बिचकले. कारण ती कामे मी पुष्कळ वर्षे लपवून ठेवली होती.

१९७२ च्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते. आईबरोबर खडी फोडायला जात होते. तुमच्यापैकी वडीलधाऱ्या बायकांना ते दिवस सांगायला नकोत. दुपारची सुकडी, डोळ्यांत जाणारी कच आणि हाताला बांधलेल्या चिंध्या त्यांनीही पाहिल्या आहेत. मजुरी ढिगाच्या मापावर मिळे. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट उंच ढीग केला की ब्रास भरला.

एकदा मोजणाऱ्याने काठी ढिगाच्या कडेला लावली. तिथे खडी घरंगळलेली. उंची दीड फूट भरली. माझी आई अक्षरशत्रू, पण तिने आपल्या वितीने ढीग आधीच मोजून ठेवला होता. ती म्हणाली, “सायब, काठी मधात लावा, कडेला खडी घरंगळती.” अर्धा फूट म्हणजे पाव ब्रास, म्हणजे चौथाई मजुरी! त्या माणसाने कुरकुरत काठी हलवली. घनफळाचा माझा पहिला धडा हा असा झाला.

पुढे दोन वर्षे एका शिंप्याकडे काज-बटणे आणि तुरपाई केली. मग अध्यापक विद्यालयात गेले आणि नोकरी लागली. आणि शाळेत काय केले म्हणाल? फळ्यावर ‘लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची’ लिहिले आणि मुलांकडून वीस वेळा घोकून घेतले! खडीचा ढीग मला आठवत नव्हता असे नाही. पण इतर गुरुजी-बाईंसमोर आपण खडी फोडली हे कळू नये, असे वाटत होते. इस्त्रीची साडी नेसून मी आईचे हात विसरू पाहत होते.

त्याचे फळ एका मुलीला भोगावे लागले. ती सातवीत होती. कापूस वेचणीच्या दिवसांत ती उशिरा येई. बोंडांच्या टोकांनी बोटे चिरलेली, वहीवर डाग. एके दिवशी मी सर्वांदेखत म्हटले, “आधी हात धुऊन ये, मग वहीला हात लाव.” तिने हात पदराआड घ्यावेत तसे ओढणीआड घेतले. दिवाळीनंतर ती आलीच नाही. पुढल्या वर्षी तिचे लग्न झाले. केवळ माझ्या एका वाक्याने तिची शाळा सुटली असे मी म्हणत नाही. घरची अडचण होतीच. पण जिच्या बोटांना त्या वयात तशाच चिरा होत्या, त्या बाईने तरी ते बोलायला नको होते.

त्यानंतर अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन माझ्या हाती आले. अनुताई १९१० साली जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. शिकून त्या नाशिक जिल्ह्यातील खेड्यात शिक्षिका झाल्या, नंतर पुण्यात. दिवसा शिकवायचे आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचे, असे करून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. पदवी मिळाली ती १९६१ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर! दिवसभर राबून बाकावर बसणाऱ्याच्या पापण्या कशा जड होतात, हे त्यांना कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकाने सांगितले नसावे.

१९४५ मध्ये त्या बोर्डीला ताराबाई मोडक यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंचाही प्रवास असाच. राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य, मग भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात, आणि त्यानंतर खेड्यात. बोर्डीत वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपण रोज वापरतो. सरकारची योजना १९७५ साली आली, त्याच्या कितीतरी आधी तो तिथे रुजला होता. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पाने घेतली. पुढे कोसबाडला वारली मुले गुरे राखायला जात म्हणून शाळा कुरणात भरवली. तीच कुरणशाळा.

मी ते वाचले आणि मला लाज वाटली. पण ही लाज निराळी होती. दुसऱ्याच आठवड्यात मुलांना घेऊन मी पटांगणात मातीचा ढीग केला. काठी आधी कडेला लावली, मग मध्ये, आणि विचारले, “मजुरी किती बुडाली?” उत्तर देणाऱ्यांत मागच्या रांगेतील मुले पुढे होती. त्या दिवशी मी त्यांना आईची गोष्ट सांगितली.

शिंप्याकडचे शिक्षणही मग कामी आले. चुकलेली शिवण ओढून काढली तर कापड फाटते. टाका टाका उसवावी लागते. वहीवर मोठी तांबडी फुली मारायचे मी सोडले. कुठल्या पायरीला हिशेब चुकला तेवढीच खूण करू लागले. वेळ फार लागतो, हे मात्र कबूल.

सर्वांना हे पटले असे नाही. एक पालक म्हणाले, “बाई, ढीग आणि कापूस आम्ही घरी दाखवतोच की, शाळेत कशाला पाठवायचं?” त्यांचे म्हणणे मला निम्मे पटले. मजुराच्या मुलीला मजुरीचेच गणित शिकवून थांबणे हा अन्यायच होय. तिला पृथ्वीगोल, कविता, इंग्रजी, सारे मिळाले पाहिजे. ढिगापासून सुरुवात करायची, ढिगापाशी बसून राहायचे नाही, एवढे त्या गृहस्थांनी मला शिकवले.

वेचणीच्या दिवसांत मी संध्याकाळी माझ्या ओट्यावर मुली बसवू लागले. सगळ्या टिकल्या नाहीत. काही टिकल्या.

आता नोकरी संपून बरीच वर्षे झाली. ओटाही पाडून घर वाढवले. म्हणून मंडळाकडे एक मागणे आहे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मंडळाची खोली संध्याकाळी सात ते साडेआठ मला द्यावी. सतरंजी आहेच, दिवा आहे. मी रोज येईन. वेचणीहून येणाऱ्या मुली तुमच्या गल्लीत कोण आहेत, ते तुम्हांलाच ठाऊक. त्यांच्या आयांशी तुम्ही बोला. आणि मुलगी तशीच शेतातून आली तर येऊ द्या. हात धुवायला पाणी दाराशी मी भरून ठेवीन.