प्रकाशाचा दस्तऐवज

साधे छायाचित्र केवळ प्रकाशाची तीव्रता नोंदते. परंतु वस्तूवरून परतलेल्या तरंगाची प्रावस्थाही (चढउताराचा टप्पा) ज्यात टिपली जाते, तो हॉलोग्राम, ज्याची कल्पना डेनिस गाबोर यांना 1947 साली सुचली, आज नागपुरातील हुडकेश्वरच्या एखाद्या घरातील मागच्या खोलीतही सिद्ध करता येतो. देनिस्युक या शास्त्रज्ञांच्या रीतीत लेसरचा प्रकाश प्रकाशग्राही लेपाच्या काचेतून पार होऊन मागच्या, समजा, रांगत्या पितळी बाळकृष्णावर पडतो, आणि परतणाऱ्या किरणांशी त्याचे व्यतिकरण (तरंगांचे एकमेकांत मिसळणे) काचेतच घडते. मात्र स्थैर्याचा बंदोबस्त चोख हवा. कारण लाल लेसरची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असल्याने, रस्त्यावरून गेलेल्या ट्रकच्या हादऱ्यानेही सारे पुसले जाते. सबब, हवा भरलेल्या ट्यूबवर फरशी आणि तिच्यावर वाळूची पेटी अशी तजवीज करून, कूलर बंद ठेवून, मध्यरात्र उलटल्यावरच काम आरंभावे.

रसायनांत धुऊन वाळविलेली ही काच ट्यूबलाइटखाली अगदी धूसर दिसते, आणि पुष्कळ नवखे येथेच हताश होतात. पण लेसर ज्या कोनातून आला त्याच कोनातून एकाच लहान, प्रखर दिव्याचा किंवा नागपूरच्या निरभ्र उन्हाचा झोत तिच्यावर पडू द्यावा, की काचेमागे बाळकृष्ण प्रकटतो, आणि मान किंचित कलती केली तर लोण्याच्या गोळ्याआड दडलेला त्याचा खांदाही दिसू लागतो.