घरची भाजी आणि आच्छादनाची शेती

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्यासपीठावर विद्वानांची भाषणे व्हावयाची, त्या ठिकाणी माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या सेवानिवृत्त शिक्षकास चिटणीसांनी उभे केले, हा त्यांचा लोभ होय. गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे गावाकडील परडे सोडून शहरातील सदनिकांत राहावयास आली. परड्यातील आळू, शेवगा आणि कढीलिंब मागे राहिला आणि चार काड्या कोथिंबिरीसाठीही मंडईची वाट धरावी लागली. म्हणून घराभोवती किंवा गच्चीवर, आच्छादनाच्या साहाय्याने, भाजी व फळे कशी पिकवावीत हा विषय मी निवडला आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. पण तो तसा नाही. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या दोन महापुरांत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची रेषा ओलांडून 55 फुटांचीही मर्यादा मागे टाकली. 2019 साली शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर काही दिवस बाहेरच्या जगापासून तुटले. तेव्हा खिशात पैसे असूनही भाजी मिळेना. घरच्या चार वाफ्यांनी महापूर थांबत नाही हे खरे. परंतु ज्या गच्चीपर्यंत पाणी पोचत नाही, तेथे मूठभर मेथी उभी असणे याचे मोल त्या दिवसांत सर्वांना कळले.

आता आच्छादन म्हणजे काय ते पाहू. पाश्चात्य देशांत थंडी फार, म्हणून त्यांनी काचेची घरे बांधली. ऊन काचेतून आत शिरते, जमीन तापते, जमिनीजवळची हवा तापते आणि ती कोंडलेली असल्याने निसटून जाऊ शकत नाही. काच महाग, म्हणून अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे प्राध्यापक एमर्ट यांनी 1948 च्या सुमारास लाकडी सांगाड्यावर पारदर्शक पातळ कागद ताणून पाहिला आणि पुढे प्लास्टिक वापरले. आज स्पेनमधील आल्मेरिया प्रांतात तीस हजार हेक्टरांहून अधिक जमीन अशा प्लास्टिकखाली आहे.

परंतु त्यांचे उदाहरण जसेच्या तसे उचलणे म्हणजे कोल्हापुरात चैत्रमासी लोकरीचा कोट घालण्यासारखे आहे. आपला शत्रू थंडी नव्हे. आपले शत्रू तीन: आषाढ-श्रावणातील झड, चैत्र-वैशाखाचे ऊन आणि बाराही महिन्यांची कीड. त्यांना उष्णता आत कोंडावयाची असते, आपल्याला ती बाहेर घालवावयाची आहे. म्हणून आपले हरितगृह म्हणजे चारी बाजूंनी बंद पेटी नव्हे, तर वर छत आणि बाजूंनी वारा खेळता असा मांडव असावा. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले तर निम्मे काम झाले.

ही कल्पना आपल्याला नवीनही नाही. मिरज तालुक्यातील आरग, बेडग, नरवाड या गावांचे पानमळे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना शेवरी, शेवगा, पांगारा यांच्या विरळ सावलीत वाढणारा नागवेल आठवेल. कडेने वाऱ्यास आडोसा, वरून गाळून येणारे ऊन, आत ओलसर गारवा. आज बाजारात मिळणारी हिरवी जाळी, जिला सर्वजण शेडनेट म्हणतात, ती हेच काम करते.

घरगुती कामासाठी दोन प्रकार पुरेसे आहेत. पहिला पावसाळी बोगदा. दहा फूट लांब व तीन फूट रुंद वाफा घ्यावा. त्यावर बांबूच्या कामट्या अर्धवर्तुळाकार वाकवून दर तीन फुटांवर रोवाव्यात. व्यास तीन फूट, म्हणजे अर्धा परीघ सुमारे पावणेपाच फूट. दोन्ही टोके पाऊण पाऊण फूट जमिनीत गेली पाहिजेत. तेव्हा सव्वासहा फुटांची कामटी लागते. शाळेतील भूमितीचा असा उपयोग होतो! त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणावे, मात्र दोन्ही बाजूंनी खाली वीतभर जागा उघडी ठेवावी. उघडीप पडताच कापड वर सरकवावे. नाहीतर आत वाफ कोंडून बुरशी येते आणि रोपे मुळाशी कुजून माना टाकतात. पाणी सकाळी द्यावे, सायंकाळी देऊ नये. या बोगद्यात भर पावसाळ्यात मेथी महिन्याभरात आणि कोथिंबीर सुमारे चाळीस दिवसांत हाती येते, आणि नेमकी तेव्हाच मंडईत तिची जुडी डोळे पांढरे करावयास लावते.

दुसरा प्रकार जाळीचा मांडव. उन्हाळ्यात पालेभाजीसाठी निम्मे ऊन अडविणारी जाळी पुरते. मिरची, टोमॅटो, पपई यांच्या तरव्यासाठी मात्र बारीक विणीची कीटकरोधक जाळी चारी बाजूंनी लावावी. मिरची-टोमॅटोचा बोकड्या, ज्यात पाने आकसून वळतात, तो बव्हंशी पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या विषाणूंमुळे होतो, आणि पपईचा वलयांकित ठिपक्यांचा रोग मावा पसरवितो. रोप कोवळे असता कीड जवळ येऊ दिली नाही, तर औषध फवारण्याची वेळ पुष्कळशी टळते. आपल्या नातवंडांच्या ताटात काय पडते याची काळजी करणाऱ्या प्रत्येक आजीस हा मुद्दा पटेल.

येथे एक इशारा देतो. जाळी माशीस अडविते तशी मधमाशीसही अडविते. दोडका, कारले, दुधी यांची नर व मादी फुले वेगळी असतात. ती बंद जाळीत लावली तर वेल फुलांनी भरेल आणि फळ धरणार नाही. ते वेल उघड्या मांडवावर चढवावेत, किंवा नर फूल तोडून मादी फुलास हाताने लावावे. टोमॅटोचे फूल स्वतःच फळते. त्यास आधाराच्या काठीवर हलकी टिचकी पुरते. फळझाडांपैकी कागदी लिंबू, अंजीर आणि डाळिंब मोठ्या पिंपात चांगली येतात; ती उघड्यावरच असावीत.

गच्चीचा विचार करताना वजनाचा विचार आधी करावा. ओल्या मातीचा एक घनफूट तुकडा सुमारे पन्नास किलो भरतो. यावर उपाय आपल्याच गावात सापडला आहे. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी गारगोटीच्या मौनी विद्यापीठात अध्यापन केले आणि पुढे कोल्हापुरातून ‘प्रयोग परिवार’ चालविला. शेतकऱ्यांनी स्वतः मोजावे, नोंदी ठेवाव्यात आणि एकमेकांस कळवाव्यात, ही त्यांची पद्धत. तासगावकडील द्राक्षबागाईतदारांनी तिचा मोठा लाभ घेतला. पाच माणसांच्या कुटुंबास दहा गुंठे जमीन पुरावी, पीक म्हणजे पानांनी वेचलेले ऊन होय, असे ते मांडीत. त्यांच्या विचाराने मुंबईचे डॉ. दोशी यांनी माती अगदी थोडी आणि उसाची चिपाडे पुष्कळ, अशा पिशव्यांत गच्चीवर भाजी व फळे पिकविली. आपल्याकडे गुऱ्हाळे आणि रसवंत्या असता चिपाडांस काय तोटा? तरीही जुन्या इमारतीत अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून ओझे चढवू नये.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः उभा आहे ती सांगतो. शिरोळ तालुक्यात कोंडिग्रे येथे श्रीवर्धन बायोटेकने माळरानावर विस्तीर्ण हरितगृहे उभारून फुलांची शेती यशस्वी केली. ते यश पाहून पुष्कळ तरुणांच्या मनात पॉलिहाऊसचे स्वप्न उभे राहते. स्वप्न चांगले आहे. पण ते कर्जावर उभे असते. वळवाच्या एका वादळात प्लास्टिक फाटते, एका हंगामात भाव पडतो. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली, लग्ने थांबली, देवळे मिटली, आणि शेतकऱ्यांना तयार फुले टाकून द्यावी लागली. कर्जाचे ओझे मात्र तसेच राहिले. अनुदान मिळते म्हणून जमीन तारण ठेवणारा तरुण आपल्या ज्ञातीत असेल, तर त्याच्या वडीलधाऱ्यांनी त्यास आधी तळेगाव दाभाडे येथील प्रशिक्षण केंद्रात पाठवावे, कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात विचारणा करावी, माल विकणार कोठे हे लिहून काढावे, आणि मगच कागदावर सही करू द्यावी. धंद्याचे हरितगृह आणि घरचा मांडव या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्यास भांडवल व बाजार लागतो. दुसऱ्यास दहा कामट्या आणि रोजचा अर्धा तास.

प्लास्टिकविषयीही दोन शब्द. उन्हास टिकणारे प्रक्रिया केलेले कापडच घ्यावे. साधे एका उन्हाळ्यात ठिसूळ होते. पावसाळा संपताच ते धुऊन, घडी करून सावलीत ठेवावे. फाटलेले जाळू नये, भंगारवाल्यास द्यावे.

शेवटी मंडळास एक नम्र सूचना. आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवर एक जाळीचा मांडव घालावा. तेथे विद्यार्थ्यांनी मिरची, वांगी, टोमॅटो यांचा तरवा तयार करावा आणि मृगापूर्वी प्रत्येक सभासद कुटुंबास दहा दहा रोपे द्यावीत. किती रोपे जगली, किती भाजी निघाली, याची नोंद प्रत्येक घराने ठेवावी आणि ती पुढील स्मरणिकेत छापावी. खेड्यातून आलेल्या मुलाला आपल्या हातचे काम कमीपणाचे वाटणार नाही आणि शहरात वाढलेल्या मुलाला भाजी कोठून येते ते कळेल. वर्गणी गोळा करून समाज एकत्र येतो, तसा रोपे वाटूनही येतो.